सात नंबरची खाडी

शरद गेल्याची बातमी आली ती त्यानेच काढलेल्या फोटोखाली. लॅबच्या जुन्या मंडळींच्या ग्रुपवर त्याच्या मुलीने कळव्याच्या पुलावरून दिसणारी खाडी टाकली होती आणि खाली चार ओळी लिहिल्या होत्या. माझं लक्ष आधी आभाळाकडे गेलं. इतकं जांभळं आभाळ आपल्या खाडीवर कधी होत नाही, याने हे कॉम्प्युटरवर शिजवलंय, असं मनात आलं... आणि मग ओळी वाचल्या. सकाळचा चहा घेता घेता हार्ट अटॅक आला होता. मित्राच्या मरणाआधी मला त्याच्या आभाळाचा संशय आला, याची लाज दीड महिना झाला तरी जात नाही.

संशय घेणं हा माझा धंदाच होता म्हणा. वागळे इस्टेटमधल्या एका कलर लॅबमध्ये आम्ही बावीस वर्षं शेजारी शेजारी काढली. शरद प्रिंट काढायचा, मी तपासायचो. समोर आलेली प्रत्येक प्रिंट बिघडलेलीच आहे असं धरून मी ती उजेडात न्यायचो. नवरीचा चेहरा पिवळा पडला, परत. झाडं निळसर वाटली, परत. शरद मुद्दामच रंग जरा चढा ठेवायचा. "कमी पडलेला रंग तुझ्या नजरेतून सुटेल मोहन, जास्त झालेला सुटायचा नाही," असं त्याचं म्हणणं. मी ओरडायचो, "निळं अर्धं कर!" तो हसून म्हणायचा, "केलं, फौजदार." मग ती प्रिंट गिऱ्हाइकाकडे जायची.

लॅब बंद पडल्यावर शरद डिजिटल कॅमेरा घेऊन हिंडू लागला. खाडी, येऊरचे डोंगर, कल्याणकडून दिसणारा मलंगगड. फोटो कुणालाही दाखवण्याआधी तो मला पाठवायचा. मी खोट काढायचो, तो तासाभरात सौम्य करून परत पाठवायचा. आमची लॅब मोबाइलवर चालू होती म्हणायला हरकत नाही.

तीनेक वर्षांपूर्वी नौपाड्यात त्याच्या घरी गेलो तेव्हा मॉनिटरशेजारी भिंतीवर एक कागद चिकटवलेला दिसला. 'खाडी – ७. डोंगर – ३. ढगाळ – ११.' ती प्रीसेटच्या नंबरांची यादी होती. प्रीसेट म्हणजे कुणीतरी आधीच जुळवून ठेवलेले रंग. एक बटण दाबलं की अख्खा फोटो बदलतो. आयता मसालाच तो. नुसत्या नजरेने सुताएवढा रंग पकडणारा माणूस हे वापरतो?

"तुला हे कशाला लागतं रे?" मी विचारलं.

"सोपं पडतं."

"तुला? काहीतरी लपवतोयस तू."

तो हसला. नलिनीवहिनींनी मात्र चटकन त्याच्याकडे बघितलं आणि चहा टाकायला आत गेल्या. कुठेतरी पाणी मुरतंय हे मी तेव्हाच ओळखलं. ते नेमकं कुठे, हे ओळखण्यात मात्र साफ चुकलो. मला वाटलं, हा दुसऱ्याच कुणाकडून फोटो करून घेतो आणि आपल्या नावावर खपवतो.

तो गेला त्याच्या सहा महिने आधी डोंबिवलीत हौशी मंडळींच्या फोटोंचं प्रदर्शन होतं. एक मुलगी शरदच्या फोटोपुढे थांबून म्हणाली, "काका, कसले कलर टिपलेत तुम्ही!" मी सगळ्यांदेखत म्हणालो, "टिपलेत कुठले? विकत घेतलेत." शरदचा चेहरा पडला. "मोहन, इथे नको रे," एवढंच बोलला. त्या दिवसापासून मी त्याच्या फोटोंना उत्तर देणं सोडलं. माझंच चुकलं होतं आणि फुगून मीच बसलो होतो. तो मात्र पाठवत राहिला... सहा महिने. शेवटचा फोटो ती जांभळी खाडी, मी तेव्हा उघडूनही न पाहिलेली.

तेरावं झाल्यावर त्याच्या घरी गेलो. तीच खाडी मोठी करून, हार घालून भिंतीवर लावली होती. माझी जित्याची खोड, न राहवून वहिनींना विचारलंच, "हे आभाळ असं कसं हो?"

"भावोजी, तुम्हाला सांगायचं नाही म्हणाले होते," त्या म्हणाल्या. "चार वर्षं रंग दिसेनासे होत होते त्यांना. डोळ्याच्या पडद्याचा आजार. निळा आणि करडा एकच वाटायचा. 'मोहनला कळलं तर तो दया करेल, ओरडायचं सोडेल,' म्हणायचे."

मी त्याच्या खुर्चीत बसलो. समोर तोच कागद. खालच्या अंगाला पेन्सिलीने लिहिलेल्या दोन ओळी मी तेव्हा वाचल्याच नव्हत्या. 'मोहन ओरडला – अर्धं. मोहन गप्प – बरोबर.'

सहा महिने मी गप्प होतो. आणि सहा महिने शरद समजत होता, सगळं बरोबर आहे.

वहिनींनी कॉम्प्युटर लावून दिला. मी खाडी उघडली. प्रीसेटचा जोर कमी-जास्त करायची एक पट्टी असते, ती ओढून अर्ध्यावर आणली. जांभळा रंग उतरला आणि कळव्याची रोजची मळकट, राखाडी सकाळ दिसू लागली. त्याने पुलावर उभं राहून काढलेली, आणि त्यालाच न दिसलेली.

"आता बरोबर आहे का, भावोजी?" मागून वहिनींनी विचारलं.

गप्प राहायची आता मला भीती वाटते.

"हो," मी मोठ्याने म्हणालो, "आता बरोबर आहे."