भिंतीवरचा गूळ

अंथुर्ण्याच्या दत्तोबाला शेतकरी म्हणायचे ते जमिनीला त्याचे नाव होते म्हणून. ऊस लावणे, तोडणे, गुऱ्हाळावर राबणे ही कामे त्याची बायको सिंधुबाई आणि गडी करत. दत्तोबा भाव ओळखायचा.

पंचावन्न साली त्याने पाटबंधाऱ्याच्या कचेरीत कालव्याच्या पाण्याचा आलेख पाहिला. पाणी चढले की रेघ वर, उतरले की खाली. तेवढे त्याला पुरले. बारामतीच्या बाजारातले गुळाचे भाव तो अडत्याकडून आणी, चौकटीच्या कागदावर ठिपके मांडून रेघ ओढी आणि कागद खळीने ओसरीच्या भिंतीला डकवी. त्या रेघेपुढे बसताना तो टोपी घालत असे.

पुढच्या उन्हाळ्यात त्याच्या जोडीतला एक बैल मेला. गूळ तयार होऊन खोलीत पडला होता. तो विकायचा आणि पेरणीच्या आत बैल आणायचा, एवढेच सिंधुबाईचे म्हणणे होते.

"आखाडात भाव शेंड्याला जातोय," दत्तोबा म्हणाला. "ही रेघ बघ."

"मग तीच जुपा औताला," सिंधुबाई म्हणाली.

ओसरीवरची माणसे हसली. मीही त्यांच्यात होतो; ओव्हरसियरच्या कोर्सातून सुटीला गावी आलो होतो. मी विचारले, "तात्या, ही रेघ कसल्या गुळाची?"

"गुळाची म्हंजे गुळाची. शिकल्याला माणूस तू, आन् असं इचारतोस?"

पावसाळी हवा सुरू झाली. खोलीतल्या ढेपांना पाझर सुटला, भिंतीवरून मुंगळ्यांची रांग लागली. सिंधुबाई ढेपांखाली कोरडे पाचट सरकवत राहिली. दत्तोबा त्या खोलीत एकदाही डोकावला नाही. त्याचा गूळ ओसरीच्या भिंतीवर होता आणि तिथे तो रोज चढत होता.

आखाडात रेघ त्याने सांगितली होती तिथवर पोचली. शेजारच्या भिमाचा बैल मागून त्याने गाडी जुंपली आणि धुतलेले धोतर नेसून तो बारामतीला गेला. मीही गाडीत होतो.

व्यापाऱ्याने ढेपेत सुरी खुपसली. सुरीबरोबर काळी तार लांबत आली.

"दत्तोबाराव, ढेपंसंगं परात न्हाय आणली?"

"चेष्टा ऱ्हाऊ द्या. फळ्यावर काय भाव लिवलाय?"

"त्यो कोरड्या, पिवळ्या गुळाचा. ह्यो गुरांना चारायला नेतो, देत असाल तर."

पावसाळ्यात घरोघरचा गूळ पाझरतो, म्हणून तर कोरड्या गुळाचा भाव चढतो. ज्या कारणाने रेघ वर गेली, त्याच कारणाने ह्याचा माल नासला. आंधळ्यालाही वासावरून कळले असते. हा माणूस मात्र महिनोन् महिने कागद बघत बसला.

मिळाले त्यात बैल कसला, बैलाचे दावे आले असते. परतताना त्याला खंत नव्हती. वाटेत भेटेल त्याला तो ऐकवत होता, "रेघ चुकली न्हाय बरं का. जितं म्हनलो तितंच भाव गेला."

भिमाने पेरणीलाही बैल दिला, पण स्वतःचे रान उरकल्यावर. तोवर रानातला ओलीचा वाफसा गेला होता. सिंधुबाई कडक झालेल्या रानात पाभर रेटत होती, तेव्हा दत्तोबा ओसरीवर खळ कालवत बसला होता. नवा कागद डकवायचा होता.