बंद दुकानाची साक्ष

ऐका हो ऐका! आमच्या घराण्याची अब्रू भर कोर्टात कशी गेली, ते आज अत्यंत गांभीर्यानं जाहीर करतो.

बहात्तरच्या दुष्काळानंतरची गोष्ट. मानवतच्या बाजारातलं आमचं दुकान वडिलांना रिकामं करून हवं होतं, म्हणून भाडेकरू ते वापरतच नाही, असा दावा त्यांनी लावला होता. तिथला भाडेकरू कटिंग-दाढी करून घर चालवायचा. तारखेच्या सकाळीही वडिलांनी सवयीनं त्याच दुकानात त्याच्याकडून घाईघाईत दाढी करून घेतली आणि त्याच्यासह आम्ही तिघांनी परभणीची एकच एसटी पकडली.

कोर्टात वडील शपथेवर म्हणाले, "साहेब, वर्षभर दुकानाला कुलूप आहे."

पुढचा साक्षीदार मी. मलाही तेच सांगायचं होतं. शपथ घ्यायला मी उठलो. तेवढ्यात भाडेकरू ओरडला, "मालक, कानामागचा माजा साबण तरी पुसून यायचा व्हता!"