क्लचबाईंची उलटी चढण

त्यांना खऱ्या नावाने हाक मारणारं आता घराबाहेर कुणी उरलं नव्हतं. एकतीस वर्षं ड्रायव्हिंग शिकवताना त्या दिवसातून शंभरदा "क्लच, क्लच!" म्हणून ओरडायच्या. गाडी शिकायला आलेल्या एका वैतागलेल्या शिंप्याने त्यांना ‘क्लचबाई’ म्हटलं आणि ते नाव जे चिकटलं ते चिकटलंच. बाईंना त्याचं काही वाटत नसे. "नावं ठेवणारे पुष्कळ असतात. मला निदान उपयोगाचं तरी ठेवलं," असं म्हणून त्या मोकळ्या व्हायच्या.

मुळात त्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये टायपिंगला लागल्या होत्या. फॉर्म भरायचे, फोटो चिकटवायचे. एक दिवस मालकांचा पाय मुरगळला आणि शिकायला आलेल्या एक नर्स दारात ताटकळत उभ्या. मालक म्हणाले, "तुला चालवता येते ना? मग जा घेऊन." ती गाडी जुनी, गोलमटोल. इंजिन मागे आणि सामानाची जागा पुढे. नर्सबाईंनी हौसेने पुढचं झाकण उघडलं आणि किंचाळल्या, "अहो, इंजिन चोरीला गेलं!" दोघी इतक्या हसल्या की पहिल्या दिवसाची भीती कुठल्या कुठे पळाली.

गाडी शिकवायला त्यांनी घेतली खरी, पण त्या गाडीनेच त्यांना शिकवलं. जोर लावणाऱ्या चाकांवर वजन हवं, हे पहिलं. इंजिन मागे, ढकलणारी चाकंही मागे, म्हणून ती कुठलाही चढ पालीसारखी चिकटून चढायची. वळणावर वेग जरा जास्त झाला, की मात्र तिची शेपूट तोंडाच्या पुढे पळायला बघायची.

बाईंचा थोरला भाऊ गॅरेज चालवायचा. सगळ्या बाबतीत शहाणा माणूस, पण गाडीचा विषय निघाला की बहीणभावाचं कुत्र्यामांजराचं नातं. दादाची गाडी लांबलचक. इंजिन पुढे, जोर मागच्या चाकांना. बाईंची नवी गाडी लहानशी. इंजिन पुढे आणि ओढणारी चाकंही पुढचीच.

"पुढच्या चाकांनी ओढायचंही आणि वळायचंही? चाकं आहेत की घरची थोरली सून?" दादा म्हणायचा.

"आणि तुझ्या गाडीच्या पोटातून इंजिनाचा जोर मागे नेणारा तो दांडा गेलाय, त्याचं काय? मधे बसणाऱ्याने पाय काय खिशात ठेवायचे?"

वहिनी ताट वाढता वाढता म्हणायच्या, "आधी जेवा. इंजिन कुठेही असो, पोट मधेच असतं."

दादाची मुलगी बाळंत झाली आणि चौथ्या दिवशी तिला घरी सोडलं. दादाचं घर टेकडीवर, आणि नेमकी त्याच सकाळी चढावरची पाण्याची मोठी पाइपलाइन फुटली. पाणी बंद झालं, पण दुरुस्तीसाठी उकरलेली माती रस्ताभर पसरून त्याचा गुळगुळीत चिखल झाला होता. वर वहिनी गॅलरीत उभ्या, खाली दोन गाड्या: दादाच्या गाडीत जावई आणि सामान, बाईंच्या गाडीत भाची आणि तिच्या कुशीत बाळ.

"सरा बाजूला," दादा म्हणाला. सामान रस्त्यावर उतरवून, जावयांना खाली थांबवून तो एकटाच निघाला. अर्ध्या चढावर मागची चाकं नुसती गरगरली, गाडीने कंबर हलवली आणि ती आडवी होता होता थांबली. दादा तिला हळूहळू खाली घेऊन आला.

"मागे कुणी नाही, काही नाही," बाई म्हणाल्या. "ढकलणारी चाकं उपाशी आणि सगळं वजन नाकावर. कशी चढेल?"

"तुझी चढव की मग!"

बाईंनी भाचीला आणि बाळाला उतरवून कडेच्या बाकावर बसवलं आणि निघाल्या. त्यांचं घोडंही दादाच्या जरा पुढे जाऊन अडलं. पुढची चाकं चिखल उडवत जागच्या जागी फिरायला लागली. खालून दादाचा आवाज आला, "काय गं, थोरली सून दमली का?"

बाई हसत हसत खाली आल्या. उतरून त्यांनी चढाकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं. चढावर गाडीचं तोंड वर झालं की वजन मागे सरकतं, हे त्या हजारदा शिकवत आल्या होत्या. मागच्या चाकांवर वजन जातंय आणि ओढायला बसवलीत पुढची. मग पुढची चाकंच खालच्या बाजूला आली तर?

"आत्या, काय करतेस?" भाचीने विचारलं, कारण बाई गाडी वळवून तिची पाठ टेकडीकडे करत होत्या.

"उलटी जाते."

"मला आधीच वाटलं होतं," दादा जावयांना म्हणाला, "हिचं एक दिवस डोकं फिरणार."

बाईंनी मान मागे वळवली, रिव्हर्स टाकला आणि पाय इतका हलका ठेवला की इंजिन कुजबुजल्यासारखं वाजत राहिलं. गाडी पाठमोरी चढायला लागली. दादाची गाडी जिथे घसरली ती जागा मागे पडली, त्यांची स्वतःची अडलेली जागाही गेली. चाकं एकदा चुकचुकली, पण पकड सुटली नाही. वर गॅलरीत वहिनींनी दोन्ही हात वर केले. पाइपलाइन दुरुस्त करणाऱ्यांनी फावडी टाकून टाळ्या वाजवल्या.

एकदा जमलं म्हणजे जमलं असं बाई कधीच मानत नसत. खाली येऊन त्या पुन्हा एकदा तशाच रिकाम्या गाडीने वर जाऊन आल्या, आणि मगच भाचीला म्हणाल्या, "चल, बैस." बाळ घरी आलं ते असं, टेकडीकडे पाठ करून आणि गाढ झोपेत. वहिनींनी त्याला उचलून घेतलं, तेव्हा त्याने फक्त एक जांभई दिली.

 खाली दादाने कामगारांना विचारून वाळूची चार पोती डिकीत टाकली, सामान टाकलं आणि जावयांनाही मागच्या सीटवर बसवलं. "जरा जड व्हा," असंही त्यांना बजावलं. मागच्या चाकांना आता वजन मिळालं होतं. गाडी एकदाही कंबर न हलवता सरळ वर आली. दादा उतरला तो राजासारखा.

"बघितलंस? मागची चाकं ती मागची चाकं!"

"आणि चार पोती आणि एक जावई," बाई म्हणाल्या.

जावई आधी हसले, मग दादा असा हसला की त्याला गाडीला टेकून उभं राहावं लागलं. वहिनी आतून ओरडल्या, "अरे हळू, बाळ उठेल!" पण तोवर बाळ उठलंच होतं, आणि त्याचा आवाज दोन्ही इंजिनांपेक्षा मोठा निघाला.

संध्याकाळी पोती परत करायला दादा निघाला, तेव्हा जाताना दारात घुटमळला.

"ए, ते उलटं चढायचं, मान वळवून... जमतं कसं गं तुला? माझी मान तर दुखते."

"सोमवारी सकाळी सातला ये," बाई म्हणाल्या. "आणि वेळेवर ये. माझ्या वर्गात उशिरा आलेल्याला मी आत घेत नाही, मग तो थोरला भाऊ का असेना."

सोमवारी दादा पावणेसातलाच हजर होता, दाढी करून, नवा शर्ट घालून.