नानांचा ‘हुमळ’ रंग कोणता?

एका शब्दापायी आज जळगावहून धुळ्याला दोन फेऱ्या झाल्या, चाळीस साड्यांच्या घड्या मोडल्या आणि सख्ख्या मोठ्या भावाला मी रडवलं.

मित्रांनो, आमचं साड्यांचं दुकान तुम्हाला माहीत आहेच. गिऱ्हाइकाला कळू नये म्हणून रंगांची आमची वेगळीच भाषा होती. खाकी म्हणजे ‘वरणा’, वरणगावच्या लष्करी फॅक्टरीवरून. हिरवा म्हणजे ‘घडू’, केळीच्या घडावरून. ही भाषा मी केली, असं चारचौघांत मिरवायचो.

महिन्यापूर्वी नानांना, माझ्या मोठ्या भावाला, लकवा झाला, वाचा गेली. आज धुळ्यात देवपूरच्या दवाखान्यात पहिल्यांदाच बोलले, “हुमळ!”

शब्द आमच्या भाषेतलाच वाटला, पण रंग काही आठवेना. दुकानातून साड्या आणल्या, एकेक उलगडली. प्रत्येक साडीला नाना मान हलवून नाही म्हणाले. शेवटी रडत डोळे गच्च मिटून घेतले, तरी ओठांवर तेच, “हुमळ.”

वहिनी चिडल्या, “भाषा तुम्हीच करी ना भाऊ? मंग सांगा ना!”

जुन्या गिऱ्हाइकांनो, नाना ‘हुमळ’ म्हणाले आणि तुमच्यासमोर कुठली साडी आली, आठवतं का कुणाला? हात जोडतो, आत्ताच कळवा.

शब्द सगळे नानाच करायचे. मी नुसते पाठ करायचो.