जमील सर आणि मागचं दार

जमील सर फळ्यावर सरळ रेघ मारायला घेत, तेव्हा ती रेघ चंद्रपूरहून निघून मूल, गडचिरोली, आलापल्ली करत सिरोंच्याला नदीत पाय धुऊन परत यायची. हातातला खडू इतका थरथरायचा की पुढच्या बाकावर बसलेल्यांच्या डोक्यावर खडूच्या भुकटीचा अख्खा हिमालय साचायचा. आम्ही फार्मसीच्या पहिल्या वर्षाची पोरं. डोक्यात हवा भरपूर, बाकी सगळं उधारीवर. आम्ही निदान करून मोकळे झालो होतो: सर सकाळी सकाळीच मोहाची लावून येतात. त्या अफवेत माझा वाटा काही फार मोठा नव्हता. बाटलीचा रंग तेवढा मी सांगितला होता.

सरांना पोरांची नावं लक्षात राहत नसत, गावं राहत. हजेरीलाही ते गावच पुकारत. मी पोंभुर्णा. माझ्या शेजारचा धानोरा. एकाच गावची दोन पोरं असली की एक ‘मोठं नवरगाव’ आणि एक ‘लहान नवरगाव’. सरांचे वडील जटपुरा गेटजवळ कुलपं दुरुस्त करायचे, म्हणून हार्मोनसाठी पुस्तकात दिलेली ‘किल्ली आणि कुलूप’ ही उपमा सरांना बिलकूल पटायची नाही. म्हणायचे, “कुलूपवाल्याचा पोरगा आहो मी. किल्ली कुलपाच्या पोटात जाते. हार्मोन कोनाच्या पोटात जाते? थो बाहेरच राह्यते. आत जाते थो फक्त निरोप.”

मग ते फळ्यावर गावाचा परकोट काढायचे. अर्थात वाकडा.

“पेशी म्हंजे आपलं चंद्रपूर. भवताल भिंत. अ‍ॅड्रेनालिन बाहेरगावचा पाहुणा. त्याले आत येता येत नाई. मंग निरोप आत कसा जाते? बोल, धानोरा.”

“भिंतीवरून उडी मारून, सर.”

“तू मारशील. हार्मोन शिकेल असते. पाह्य, गेटवर बसला आहे रिसेप्टर, बीटा त्याचं नाव. त्याचं आंग भिंतीतून सात खेपा आत-बाहेर ओवलेलं. डोकं बाहेर, पाय आत. पाहुण्यानं डोक्यावर हात ठेवला का याचा आतला पाय हालते. आन् पायाशी कोन बसून आहे? जी प्रोटीन! विझलेली विडी तोंडात धरून. पाय लागला का विझलेली थुकते, पेटलेली घेते, आन् सुटते पळत. जाते कुठी? खाणीचा भोंगा वाजवाले. भोंगा वाजला का गावभर पोरं धावतात, सायक्लिक एएमपी त्यायचं नाव. श्वासनळीतली पोरं असली तं नळी ढिली करतात, काळजातली असली तं काळीज पळवतात. विडी विझली का जी प्रोटीन मुकाट्यानं जाग्यावर. आन् पाहुणा?”

“बाहेरच!” आम्ही सगळे ओरडायचो. आवाज पार रामाळा तलावापर्यंत जायचा. निदान मी तरी तसंच सांगतो.

“आन् ब्लॉकर म्हंजे कोन? थो गेटवाल्याच्या मांडीवर येऊन बसते. बोलत नाई, हालत नाई, उठत नाई. खरा पाहुणा आला तरी त्याले जागा नाई. म्हणून दमेकऱ्याले बीटा ब्लॉकर कधीच द्याचा नाई. परीक्षेत विसरले तं चालन. दुकानात विसरले तं माणूस मरन.”

हे वाक्य ते दरवर्षी म्हणत. तेवढंच एक वाक्य म्हणताना त्यांच्या चेहऱ्यावर हसू नसे.

एकदा सायकल स्टँडच्या मागे मी माझ्या खासगी कामाला गेलो होतो. विडी माझीही पेटली होती. कडुनिंबाआड जमील सर पाठमोरे उभे होते, खांदे कानांपर्यंत चढलेले. तोंडात निळा पंप. फुस्स करून आवाज झाला आणि सरांनी तो पंप खडूच्या डब्यात असा टाकला, जसा चोरानं दागिना टाकावा. मग मला पाहिलं.

“पोंभुर्णा, तू काई पाह्यलं नाई.”

“नाई, सर.”

“विडी फेक. आन् मी खोटं नाई बोलत, पन कोनाले सांगू नको. दमा आहे मले. लहानपणापासून. पंप दिसते म्हणून मी होईल तेवढं गोळ्यायवरच भागवतो. त्याच्यानंच हे हात.”

तेव्हा माझ्या डोक्यात भोंगा वाजला. गोळी पोटातून रक्तात, रक्तातून गावभर. श्वासनळीच्या गेटवर जो रिसेप्टर, तोच हाताच्या स्नायूंच्या गेटवर. निरोप तिथेही पोचायचा. हातातला तो थरकाप मोहाचा नव्हता, दम्याच्या गोळीतल्या साल्ब्युटामॉलचा होता. पुढे मी बाटलीचा रंग सांगणं बंद केलं, पण तोवर बाटली गावभर फिरून आली होती.

“दमा सांगाले काय हरकत आहे, सर?”

“नसरीनचं लग्न व्हाचं आहे. लोक म्हणतात, बापाचा दमा पोरीसंगं सासरी जाते.”

नसरीन त्यांची एकुलती एक. आई गेल्यावर घर तिनंच सांभाळलेलं. एक स्थळ आलं होतं, बरं चाललं होतं. पण सरबताचा पेला देताना सरांचा हात हलला आणि अर्धं सरबत मुलाच्या मामाच्या शेरवानीवर गेलं. मामानं दारूच्या संशयानं सरांचा हात हुंगला. पुढे त्या घरून शब्द आला नाही. ज्या माणसानं आयुष्यात ताडीसुद्धा ओठाला लावली नव्हती, त्याच्या घराला बेवड्याचं घर ठरवून लोक निघून गेले. सर तेव्हा कॉलेजात कुणाच्या डोळ्याला डोळा देत नव्हते.

पुढचं स्थळ बल्लारपूरचं. घरात हाताखाली कोणी नाही म्हणून सरांनी मला बोलावलं. मी खुर्च्या आणल्या, बर्फ फोडला, शेजाऱ्यांचा टेबलफॅन उचलून आणला. खोलीला वास बरा यावा म्हणून कुणीतरी लोबान जाळला होता. मुलगा, त्याचे आईवडील येऊन बसले. सर सरबताचा ट्रे घेऊन आले आणि मी थक्क झालो. हात दगडासारखा! पेल्यातल्या सरबतावर तरंग नाही. त्या हातावर बसून सुगरणीनं घरटं विणलं असतं. सरांनी माझ्याकडे पाहून एक भुवई उडवली. मी पण उडवली.

मग हळूहळू सरांची वाक्यं आखूड होऊ लागली. आधी क्रियापदं गेली. मग नुसतं “जी... जी” उरलं. मुलाचे वडील म्हणाले, “भाईसाहब, तबीयत तो ठीक है?” सर हसले, बोट वर करून ‘आलोच’ असं दाखवलं आणि मागच्या अंगणात गेले. मी मागोमाग.

ते हौदाच्या कडेला वाकून पंप मारत होते. एकदा, परत, परत. छातीतून शिटी वाजत होती आणि बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात होती.

“नाई चालत, पोंभुर्णा,” ते तुकड्यातुकड्यानं म्हणाले. “गेटवर... मीच... माणूस बसवला.”

त्यांनी खिशातून गोळ्यांची पट्टी काढून दाखवली. प्रोप्रानोलॉल. थरकाप थांबवायची गोळी. बीटा ब्लॉकर.

मला वाटलं, कुणीतरी मला उचलून हौदात टाकलं. हा माणूस दरवर्षी साठ पोरांना घसा फोडून हेच सांगायचा.

“रिक्षा आणतो, सर. चला.”

“मागून.”

“मागं गल्ली आहे, सर! रिक्षा नाई येत इथी. पार मशिदीला वळसा घालून चालावं लागंन!”

“मागूनच.” ओठ निळे पडत होते आणि त्यांची नजर पुढच्या खोलीच्या पडद्यावर होती. त्या पडद्याआड बल्लारपूर बसलं होतं. त्यांचा जीव तिथे अडकला होता; पोरीचं सगळं तिथे होतं. मी मुकाट्यानं त्यांना मागच्या दाराकडे नेऊ लागलो. खरंच नेऊ लागलो.

तेवढ्यात नसरीन आली. तिनं एकदा बापाकडे, एकदा पट्टीकडे पाहिलं. मागच्या दाराची कडी मी काढली होती, ती तिनं परत लावली.

“सामने से चलो, अब्बा.”

“बेटी... मेहमान...”

“मेहमान बैठे हैं, भागे नहीं जा रहे. तुम जा रहे हो.” मग माझ्याकडे वळून म्हणाली, “भाऊ, तुम्ही काऊन बघून राह्यले? दुसऱ्या बाजूनं धरा!”

आम्ही दोघांनी त्यांना धरून पुढच्या खोलीतून नेलं. पडदा बाजूला, सरबताचे पेले तसेच, लोबानचा धूर. पंप सरांच्या मुठीत सगळ्यांना दिसत होता. मुलाच्या आईनं पदर नाकाला लावला. सरांनी मान इतकी खाली घातली होती की हनुवटी छातीला लागली, आणि त्यानं श्वास आणखीच कोंडत होता. नसरीननं चालता चालता त्यांच्या हनुवटीखाली हात घालून मान वर केली.

दवाखान्यात डॉक्टरनं पट्टी पाहिली आणि तो खेकसला, “दम्याच्या माणसाला ही गोळी कोणत्या गाढवानं दिली?”

खाटेवरून सरांनी बोट वर केलं. आम्ही हजेरीला करायचो तसं.

डॉक्टरनं मग दुसऱ्या औषधाची वाफ लावली, जी वेगळ्या गेटवर जाऊन काम करते. श्वासनळी आवळायचा निरोप देणारा पाहुणा जिथे येतो, त्या गेटवर ती बसते आणि त्याला जागा देत नाही. इथे तिचं मांडीवर बसणंच कामाला आलं. हे सर्व मला सरांनीच शिकवलं होतं. बाहेर बाकावर बसून मी ते मनातल्या मनात जपासारखं घोकत होतो. संध्याकाळपर्यंत शिटी ओसरली.

बल्लारपूरचं पुढे काही झालं नाही. नसरीनचं लग्न नंतर वरोऱ्याला झालं. मुलगा बघायला आला, तेव्हा तिनं चहाच्या ट्रेमध्येच बापाचा पंप ठेवून आणला, असं लोक सांगतात. लोक म्हणजे मी. पण पहिल्या भेटीत तिनं स्वतःच्या तोंडानं सांगून टाकलं होतं, एवढं खरं.

सर बरे होऊन वर्गात आले. परकोट काढला, गेट काढलं, आणि म्हणाले, “आता एका शिकलेल्या गाढवाची गोष्ट सांगतो.” सगळी सांगितली. त्यानंतर ते वर्गातच पंप घेऊ लागले, पण घेताना फळ्याकडे तोंड करत. ते वळले की सगळा वर्ग आपापल्या वहीत डोकं खुपसायचा. कोणी कोणाला सांगितलं नव्हतं.

मी एकदा म्हणालो, “सर, आता काऊन वळता? आता तं सगळ्यायले माहीत आहे.”

“शरम राह्यते रे, पोंभुर्णा. तिचा रिसेप्टर कुठी आहे, थो अजून कोनाले सापडला नाई. सापडला तं मले कळव. ब्लॉकर मी शोधतो.”

निवृत्तीनंतर काही वर्षांनी सर गेले. झोपेत, हृदयानं. दम्यानं नाही, हे नसरीननं मला दोनदा सांगितलं.

आता पोंभुर्ण्यात माझं औषधांचं दुकान आहे. सुरुवातीला लोक पंप घ्यायला मागच्या दारानं यायचे. मुलीचे बाप तर हमखास. “भाऊ, कागदात बांधून दे. पोरगी लग्नाची आहे.” मी बांधून द्यायचो. सर गेल्याचं कळलं, त्या आठवड्यात मी गवंडी बोलावला आणि मागचं दार विटांनी बुजवून टाकलं.

दुसऱ्या दिवशी एक माणूस मागे जाऊन त्या भिंतीसमोर बराच वेळ उभा राहिला. मला आतून त्याचा घरघरणारा श्वास ऐकू येत होता. मी हाक मारली नाही. मग तो वळसा घालून पुढे आला, भर बाजारात, खाली मान घालून.

कागदात मी अजूनही बांधून देतो. पण दार एकच आहे. ही थाप नाही. पोंभुर्ण्याला आलात तर भिंतीला हात लावून पाहा.