मागच्या सीटवर

लग्नाला दोन वर्षं झाली तेव्हा मी कल्याणच्या एका भुसार व्यापाऱ्याकडून जुनी साडेतीनशे सीसीची मोटरसायकल घेतली. लांबट, बैठी, रुंद हँडलची गाडी. चालू केली की गल्लीतली कुत्री उठून उभी राहायची. डोंबिवलीच्या आमच्या चाळीवजा इमारतीत ती लावायला नीट जागाही नव्हती, पण मला ती हवीच होती.

का हवी होती, हे तेव्हा सांगता आलं नसतं. मी ठाण्याला एका इंजिनिअरिंग कंपनीत फिटर होतो. कंपनीचं काही खरं नाही अशी कुजबुज सुरू झालेली. ओव्हरटाइम बंद झालेला, दोन मशीन झाकून ठेवलेली. आम्ही कामगार हजेरी लावून हात चोळत बसायचो. ज्या माणसाच्या हातांना रोज आठ तास लोखंड लागतं त्याला असं बसवलं की तो आतून किडायला लागतो. घरी मी यातलं अक्षरही काढलं नव्हतं. बायको विचारायची, "काय झालंय?" मी म्हणायचो, "काही नाही," आणि पाना घेऊन खाली उतरायचो.

गाडीत मला रोज काहीतरी खुपायचं. आधी सायलेन्सर बदलला, मोकळ्या आवाजाचा टाकला. मग जास्त पेट्रोल सुटावं म्हणून कार्बोरेटरचा जेट मोठा केला. मग चेनची पुढची चक्री एका दाताने मोठी टाकली, म्हणजे वरचा वेग वाढतो. ही कामं मी कळव्याला एका मेकॅनिककडे करायचो. तो खाडीकाठच्या कोळ्यांपैकी. बापाची होडी होती, तिचं इंजिन दुरुस्त करता करता हात बसला आणि नंतर खाडीत मासळी उरली नाही म्हणून त्याने रस्त्याकडेला गॅरेज टाकलं. माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठा. मी त्याला दादा म्हणायचो.

चक्री बसवून झाल्यावर त्याने हात पुसत विचारलं, "येवरा वेग कशाला रं? तुला जावाचा तरी कुठं हाय?"

मी हसून टाळलं. खरं म्हणजे कुठेच जायचं नव्हतं.

बायको कल्याणच्या एका शाळेत शिक्षिका होती. माझी दुसरी पाळी असली की सकाळी मी तिला गाडीवरून सोडायचो. ती साडी सावरत एका बाजूला बसायची, मांडीवर पर्स, पर्सवर वह्यांचा गठ्ठा, एक हात सीटच्या कडीला. मी गाडीबद्दल बोलत राहायचो. सायलेन्सरच्या आवाजात तिचं उत्तर मला ऐकू यायचं नाही, आणि ते ऐकायला हवं असंही कधी वाटलं नाही.

एका सकाळी पत्रीपुलाच्या अलीकडे ट्रक अडकला होता. बराच वेळ खोळंबलो. मला कुठेही थांबणं सहन व्हायचं नाही. वाट मोकळी झाली तशी मी गाडी ताणली. मोठ्या चक्रीमुळे ती सुरुवातीला अडखळायची, मग एकदम झेप घ्यायची. तशी तिने घेतली. पूल ओलांडला आणि गाडी अशी काही हलकी धावायला लागली की मी खूश झालो. जेटचा गुण आला, असं मागे वळून न बघता ओरडून सांगितलंसुद्धा. शाळेशी थांबलो. पाय टेकवून ती उतरायची वाट बघितली.

"उतर ना," म्हटलं.

मागे कोणी नव्हतं.

तशीच गाडी वळवली आणि आलो त्या रस्त्याने परत निघालो. पुलाच्या अलीकडे पानाच्या टपरीसमोरच्या बाकड्यावर ती बसली होती. कोपर सोललेलं, साडीला चिखल, वह्या शेजारी रचून ठेवलेल्या. एक भाजीवाली तिच्या कोपरावर पाणी ओतत होती. मी समोर जाऊन उभा राहिलो.

तिने वर बघितलं. "बोलून झालं का तुमचं?"

एवढंच म्हणाली. रिक्षा थांबवली आणि शाळेत गेली.

त्यानंतर ती गाडीवर बसली नाही. भांडली असती तर बरं वाटलं असतं. ती सकाळी डबा भरायची, माझा डबा माझ्या हातात द्यायची आणि एसटीने कल्याणला जायची. मी मात्र भूत लागल्यासारखा गाडीच्या मागे लागलो. आता तिच्या आरामासाठी. जुना सायलेन्सर परत लावला. चक्री पहिली बसवली. मागचे शॉकअप नवे, मऊ घेतले. सीट उसवून जाड फोम भरून घेतला, पाय ठेवायची पट्टी रुंद केली, पाठीला टेकायला छोटी उशी लावली. प्रत्येक बदल तिला खिडकीतून दिसेल अशी गाडी लावायचो. ती बघायची नाही. फक्त एकदा, कपडे वाळत घालताना म्हणाली, "तिला किती त्रास देताय." गाडीबद्दल म्हणाली की स्वतःबद्दल, कळलं नाही.

मी दादाकडे जाऊन कुरकुरलो. "सगळं केलं. याहून मऊ सीट ठाणे जिल्ह्यात नसेल. तरी बसत नाही."

त्याने माझ्याकडे बघितलं. "तू कवा मागं बसलास?"

"मी कशाला बसू?"

"चल, बस. आनि ती बसतं तसाच बस. येका अंगाला."

मला वाटलं थट्टा करतोय. पण त्याने गाडी चालूही केली होती. मी एका बाजूला बसलो. मांडीवर त्याने स्पार्क प्लगचं खोकं दिलं, "या वह्या" म्हणून. कळव्याहून खाडीपूल ओलांडून नौपाड्यापर्यंत आणि परत, एवढंच आम्ही गेलो. लोक हसत होते, पण त्याचं मला काही वाटलं नाही, कारण घट्ट धरून बसण्यापलीकडे मला काही सुचतच नव्हतं. समोरचा रस्ता दिसत नव्हता, त्यामुळे खड्डा आला की आधी कंबरेला कळायचं. एक मांडी सीटवर, दुसरी अर्धी हवेत. पाठ पिळलेली, मान उजवीकडे. एका हातात खोकं, दुसऱ्यात कडी, आणि सबंध जीव त्या कडीत. माझ्या मऊ फोमवर तर आणखीच घसरायला होत होतं. परत आल्यावर मी उतरलो आणि टायरांच्या ढिगावर बसून राहिलो.

"येवरे दिस बसली ती," दादा म्हणाला आणि चहा सांगायला गेला.

संध्याकाळी मी तिला सगळं सांगितलं. लोक हसले तेही. ती आधी गंभीर होती, मग खोक्याची गोष्ट निघाल्यावर तिला हसू आवरेना. हसता हसताच डोळे पुसले. म्हणाली, "मला दोन्हीकडे पाय टाकून बसायचंय. पहिल्या दिवसापासून बसायचं होतं. साडीत कशी बसू?"

कॉलेजातले पंजाबी ड्रेस तिने ट्रंकेतून काढले. शाळेत शिक्षिकांना साडीच लागायची. तिने मुख्याध्यापिकाबाईंना विचारलं, येताना ड्रेस घालून येईन, शाळेत साडी नेसेन, चालेल का. बाई तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "घंटेआधी नेसून झाली पाहिजे." शेजारपाजारी थोडं बोलले. ते कशावरही बोलले असते.

पहिल्या रविवारी आम्ही मुरबाड रस्त्याला गेलो. ती दोन्हीकडे पाय टाकून, माझ्या खांद्यांवर हात ठेवून बसली होती. रस्ता मोकळा मिळाल्यावर माझ्या कानाशी आली आणि म्हणाली, "जरा पळवा की."

मी चकित झालो. वेगाची तिला भीती वाटते, असं मी पहिल्यापासून धरून चाललो होतो. मी थोडी पळवली. मग ती पुन्हा कानाशी आली.

"कंपनी बंद होतेय ना?"

मी गाडीचा वेग कमी केला. "हो," मी म्हटलं. तिच्याकडे बघावं लागत नव्हतं म्हणूनच म्हणू शकलो. मग बोलतच राहिलो, झाकलेली मशीन, हजेरी, कोण कोण सोडून गेलं. या वेळी मध्ये मध्ये थांबत होतो, आणि ती काय म्हणतेय ते ऐकू येत होतं.

दिवाळीनंतर गेटला टाळं लागलं. चार महिने मी घरी होतो, तिच्या पगारावर घर चाललं. नंतर अंबरनाथला लहानशा वर्कशॉपमध्ये काम मिळालं, पहिल्यापेक्षा कमी पगाराचं. बेचैनी गेली नाही, अजूनही स्वस्थ बसायला सांगितलं तर मला जमत नाही. ती मात्र त्या चार महिन्यांत एमआयडीसीच्या रिकाम्या रस्त्यावर गाडी शिकली. किक मारताना सगळं वजन लागायचं, सहासात वेळा किक उलटी पायावर बसायची, पिंढरी काळीनिळी व्हायची. मी पुढे झालो की "सरका" म्हणायची. एके दिवशी आठव्या किकला इंजिन धडधडलं आणि तिने माझ्याकडे मान वळवून विचारलं, "बसताय की चालत येताय?"