कोरी वडी

उंदीरमामा सगळ्या मुलांच्या गोष्टीत असतो. आमच्या घरात तो खरोखरचा होता. माझ्या आईचा धाकटा भाऊ, उंदीर निर्मूलन खात्यात एकतीस वर्षं तपासनीस. आमचा प्रांत उंदीरमुक्त आहे असं सीमेवरच्या पाटीवर लिहिलेलं आहे, आणि त्या पाटीतला आपला वाटा मामा कुणालाही, कधीही, न विचारता सांगायचा.

काम ऐकायला अगदी पोरकट. सीमेजवळच्या चाळीस ठिकाणी, कोठारांत आणि गोठ्यांत, मेणाच्या वड्या ठेवायच्या आणि महिन्याने जाऊन त्या उजेडात धरून बघायच्या. उंदीर येऊन गेला असेल तर मेणावर पुढच्या दातांची जोडी उमटते. मामाला ती एकदाच दिसली, पहिल्याच वर्षी, आणि तीही नेमकी होणाऱ्या सासऱ्यांच्या कोठारात. नियम होता, कोठार धान्यासकट जाळायचं. मामाने जाळलं. ठरलेलं लग्न मोडलं, पुन्हा त्याने केलं नाही. तेव्हापासून वहीत दर महिन्याला शून्य. कुणी चिडवलं, "काहीच सापडत नाही तर पगार कसला घेता हो?" तर म्हणायचा, "न सापडण्याचाच!"

माणसाने एका शून्यावर आयुष्य काढावं याचा मला राग यायचा. पण ते शून्य म्हणजेच त्याचा संसार होता, हेही कळत होतं.

निवृत्तीला आठ दिवस उरले होते. खात्याने सत्कार ठरवला, म्हणून शेवटच्या फेरीला तो दोन दिवस आधीच निघाला. आमचं घरही त्या चाळीस ठिकाणांतलंच, सुरुवात त्याने तिथूनच केली. चाऱ्याच्या खोलीत त्याने वडी उचलली आणि दाराशी उजेडात नेली. वडीची एक कड पार कुरतडलेली होती.

आई हात पुसत आली. वडी बघून चक्क ओशाळली. "अगं बाई, राहिलीच बघ बदलायची! तू परवा येणार होतास ना?"

"बदलायची म्हणजे?"

"तू येणार म्हटलं की नवी ठेवते मी. जादाच्या देऊन ठेवतोस ना? अशी घाण वडी काय दाखवायची तुला!"

"ताई, ही कुणी खाल्ली असं वाटलं तुला?"

"खार असेल, चिचुंद्री असेल. आपल्याकडे उंदीर नाहीत, हे तूच सांगतोस ना?"

तिच्या मनात पाप नव्हतं. पाहुणा येणार म्हणून घर आवरावं, तशी ती वडी आवरायची. तरी मला तिचा भयंकर राग आला.

उरलेल्या फेरीला मी मामाबरोबर गेले. एकट्याने जायला तो घाबरला होता. दारोदार एकच प्रश्न, "वडी कधी बदलता का?" नऊ घरांनी हसत हसत हो म्हटलं. गिरणीवाल्याची बायको तर अभिमानाने म्हणाली, "साहेब, आमच्याकडे कधी खराब वडी दिसली का तुम्हाला? जुन्या मी चुलीत घालते, छान पेटतात."

"किती वर्षं?"

"तुम्ही येताय तेव्हापासून."

परतताना मी म्हटलं, आईला चार शब्द सुनाव तरी. "तिला काय बोलू? आपलेच दात, आपलेच ओठ," मामा म्हणाला. मग घर दिसू लागल्यावर, "मग पहिल्या वर्षी त्यांचं कोठार मी कशाला जाळलं गं?"



त्याने अहवाल लिहिला. आमची चाऱ्याची खोली जाळावी असंही त्यात लिहिलं. साहेबांनी वाचून परत दिला. "जुन्या वड्या चुलीत गेल्या. उरली एक, तीही तुमच्या बहिणीच्या घरातली. चिचुंद्री असेल हो. झाकली मूठ सव्वा लाखाची, जाता जाता कशाला उघडताय?"

सत्कारात मामाला ढाल मिळाली, तिच्यावर कोरलेलं शून्य. बोलायला उभा राहून तो म्हणाला, "आपल्याकडे उंदीर आहेत. पहिल्यापासून होते. मी ते बघितले नाहीत." अख्खं सभागृह हसलं. लोकांना वाटलं, म्हातारा गंमत करतोय. टाळ्या थांबेनात. आईनेही वाजवल्या.

आता तो आमच्याकडेच राहतो. ढाल कपाटावर पालथी पडली आहे. त्याच्या खोलीच्या कोपऱ्यात तो एक वडी ठेवतो आणि रोज सकाळी आंघोळ झाली की ती खिडकीशी नेऊन बघतो.

पहिल्याच आठवड्यात तिच्यावर दातांची जोडी उमटली. मामा आंघोळीला गेला होता, ती मला दिसली. शपथेवर सांगते, मी विचार केलाच नाही, हात आपोआप वड्यांच्या खोक्याकडे गेला. तेव्हापासून न्हाणीघरात पाण्याचा आवाज आला की मी वडी बदलते.

काल तो वडी धरून खूप वेळ उभा होता. नव्या मेणाला तकाकी असते, त्याच्यावर धुळीचा कणही नसतो. हे एकतीस वर्षं वड्या बघितलेल्या माणसाला मी काय सांगणार? आणि महिनाभर कोठारात पडलेली वडी इतकी कोरी कशी, हा प्रश्न त्याला तेव्हाही पडला नसेल का?

"काय दिसतंय मामा?" मी विचारलं.

त्याने माझ्याकडे बघितलं. "काही नाही," तो म्हणाला, आणि वहीत शून्य लिहिलं.